फणस, छत्री आणि फुकटचा टीव्ही

"काय गं, तुमच्या छपरावर सकाळपासून कोण नाचतंय? कौलं फुटतील ना!"

काकूंनी गडग्यावर कोपरं टेकली. म्हणजे आता अर्धा तास तरी सुटका नाही. मीही भाजीची परडी खाली ठेवली. श्रावणातली उघडीप, चुलीवर भात, आणि पलीकडे काकू. गप्पांना याहून काय लागतं?

"धाकटे भाऊजी आहेत हो. टीव्हीवाल्या कंपनीची छत्री खोलतायत. रिचार्ज संपला, पडदा निळा झाला, आणि सासूबाई त्या निळ्या पडद्यासमोर जप करत बसल्यात. मुंबईहून ह्यांचा फोन आला, पैसे भरतो म्हणून. मी म्हटलं, थांबा जरा. आम्ही बघतो काय, तर सह्याद्री, बातम्या आणि दुपारी एखादा जुना सिनेमा."

"म्हणजे सह्याद्री बघायला पैसे भरता?"

"सगळेच भरतात की काकू."

"सगळे भरतात!" काकूंनी आकाशाकडे बघितलं. "अगं, वाहिनी फुकट आहे, पण ती आणून देणारा फुकट नाही. २०१९ मध्ये दूरसंचार नियामकाचे, ट्रायचे, नवे दर आले ना, त्यात नुसतं जोडणीचं भाडं १३० रुपयांपर्यंत. वर १८ टक्के जीएसटी. झाले १५३ रुपये ४० पैसे. त्यात विकतची एक वाहिनी नाही हो, सगळ्या फुकटातल्याच. २०२४ मध्ये तर ती १३० ची मर्यादाही काढली, आता कंपन्या आपापलं ठरवतात. तुझ्या सासूबाईंचा सिनेमा फुकटच होता, तू त्याची हमाली भरत होतीस."

काकूंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लोंबकळणारी वायर दिसली की अजून त्यांचे हात शिवशिवतात. वाडीत कोणाचा मिक्सर बंद पडला, कोणाच्या टीव्हीला मुंग्या आल्या, की आधी काकू, मग मेकॅनिक. काका हयात होते तेव्हा म्हणायचे, लग्नात मला साडी नको, पक्कड द्या, असं हिने सांगितलं असतं. काकूंनी ते कधी नाकारलं नाही.

"मग सरकारी छत्रीच घेऊ ना?"

"घेऊ ना म्हणजे? अजून घेतली नाहीस? २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली ती. तेव्हा डीडी डायरेक्ट प्लस म्हणायचे, आता डीडी फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही, कार्ड नाही, रिचार्ज नाही. छत्री, तिच्या तोंडाशी बसणारा एलएनबी, बॉक्स, वायर घ्यायची, एकदा बसवायची. सगळं मिळून दोनेक हजार, असं दूरदर्शन चालवणारी प्रसार भारतीच सांगते. पण घेताना डोळे उघडे ठेवून घे. नाहीतर वरच्या वाडीतल्या भाऊंसारखं व्हायचं."

वरच्या वाडीतल्या भाऊंचं नाव निघालं की विषय निदान दोन फाटे फोडतो. पहिला फाटा त्यांच्या मुलीच्या लग्नाचा. तो आम्ही उरकून घेतला (साखरपुडा दिवाळीनंतर, मुलगा डोंबिवलीचा, पगार कोणी सांगत नाही). मग काकू बॉक्सवर आल्या.

"भाऊ तालुक्याला गेले आणि चकाकतं खोकं घेऊन आले. वर लिहिलंय फोर-के, दहा हजार चॅनेल, वायफाय, यूट्यूब. बॉक्स हातात घेऊन मी विचारलं, भाऊ, तुमचा टीव्ही कोणता? तर जुना डब्याचा, काचेचा. फ्री डिशवर फोर-के येत नाही, भाऊंच्या टीव्हीला ते दाखवता येत नाही. मग ते फोर-के आहे कुठे? खोक्यावर! वर गंमत म्हणजे त्या बॉक्सला मागे नुसतं एचडीएमआयचं भोक. भाऊंच्या टीव्हीला हव्यात पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना. पुन्हा तालुक्याला गेले, मधे लावायची डबी आणली, तिचे पैसे वेगळे."

"म्हणजे आधी आपल्या टीव्हीची पाठ बघायची."

"पाठच बघायची, पोट नाही. तुमच्याकडे कोणता आहे?"

"पुढच्या खोलीत सपाट आहे, ह्यांनी आणलेला. माजघरात सासूबाईंचा जुना डबा."

"मग दोन्ही भोकं असलेला घे. एचडीएमआयही आणि तीन पिनांचंही. सपाट टीव्हीच्या मागे बघ हं एकदा. स्क्रू फिरवायचं गोल भोक असेल आणि बाजूला सॅटेलाइट असं काही लिहिलेलं असेल, तर बॉक्स टीव्हीच्या आतच असतो. छत्रीची वायर थेट टीव्हीला. अशा टीव्हीसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानकसुद्धा काढलंय. पण सगळ्या टीव्हींना नसतं ते. आधी बघ, मग दुकानात जा."

मी आत जाऊन बघून आले. नव्हतं. काकू म्हणाल्या, वाटलंच.

"आता खरी गोष्ट ऐक. दुकानदार विचारील, वहिनी, साधा देऊ का एमपेग-४? साधा म्हणजे एमपेग-२, जुनी पद्धत. स्वस्त पडतो. घेऊ नकोस. फ्री डिशवर काही वाहिन्या एमपेग-२ मध्ये येतात, काही एमपेग-४ मध्ये. जुना बॉक्स फक्त पहिल्या दाखवतो, नवा दोन्ही. एमपेग-४ मध्ये तेवढ्याच जागेत जास्त वाहिन्या मावतात, म्हणून पुढची वाट तिकडेच आहे. आज शंभर-दोनशे वाचवशील आणि उद्या शेजारी दिसणारी वाहिनी तुझ्याकडे का नाही म्हणून मलाच विचारशील."

"खोक्यावर लिहिलेलं असतं ते?"

"असतं. एमपेग-४ आणि डीव्हीबी-एस२, हे दोन शब्द शोध. बाकी सगळी वरची झालर. प्रसार भारतीने काही कारखानदारांना अधिकृत केलंय, त्यांच्या बॉक्समध्ये आयकॅस नावाची आपली देशी कुलूप-व्यवस्था असते. तो मिळाला तर उत्तम, पुढे काही बदललं तरी बॉक्स फुकट जात नाही. नाही मिळाला तरी घाबरू नकोस, साध्या फ्री-टू-एअर एमपेग-४ बॉक्सवरही उघड्या वाहिन्या येतातच. उघड्या म्हणजे ज्यांना कुलूप नाही त्या."

"आणि भाऊजी म्हणत होते, असा बॉक्स मिळतो की त्यात पैशांच्या वाहिन्यापण फुकट..."

"तुझ्या भाऊजींना खाली बोलाव आधी!" काकूंनी आवाज चढवला, छपरावरची ठोकाठोक थांबली. "अरे, ते चोरीचं असतं! इंटरनेटवरून कुलपाच्या किल्ल्या आणतात, कंपनी किल्ली बदलते, चार दिवसांत पडदा काळा. गुन्हा आहे तो वेगळाच. आपल्या घरी सासूबाई जप करतात रे बाबा, त्यांच्या समोर असलं नको." छपरावरून "नाही काकू, नाही" आलं आणि ठोकाठोक पुन्हा सुरू झाली.

काकूंनी आवाज उतरवला. "दुसरी चोरी अजून गोड आहे. बसवायला येणारा सांगतो, ताई, वर्षाला एवढे एवढे द्यायचे, सरकारी रिचार्ज. खालच्या आळीतल्या एका म्हातारीने दोनदा दिले. फ्री डिशला रिचार्ज नाही म्हणून मी तिला सांगितलं, तर म्हणते, पोरगा फार चांगला आहे गं, चहा पिऊन जातो. आता बोल!"

मी बोलले नाही. त्या आजींना तो रिचार्जवाला पोरगा नातवापेक्षा जास्त वेळा भेटत असणार.

"बॉक्स घेताना आणखी काय बघायचं, काकू?"

"वीज. आपल्याकडे पावसात लाइट किती वेळा जाते, मोजलंयस? बॉक्स असा घे, ज्याला बाहेर छोटा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर असतो. झटका बसला तर बहुतेक अ‍ॅडॅप्टर जळतो, बॉक्स वाचतो, आणि अ‍ॅडॅप्टर कुठेही मिळतो. वीज आत सरळ घेणारे बॉक्स जळले की दुरुस्तीला पंधरा दिवस. आणि रिमोट. रिमोट हातात घेऊन बघ. बटणं मोठी आहेत का, अंधारात चाचपून सापडतात का. दुकानदार म्हणतो सगळे सारखेच. सारखे नसतात. तुझ्या सासूबाईंना आवाज वाढवता आला पाहिजे आणि मागच्या वाहिनीवर परत जाता आलं पाहिजे, बाकी बटणं झाकून टाकली तरी चालेल. बॉक्सच्या तोंडावरही बटणं असलेली बरी, रिमोट हरवला की कळतं."

"यूएसबी?"

"असू दे. पेनड्राइव्हवर कीर्तन लावता येतं. कार्यक्रम नोंदून ठेवता येतो म्हणतात काही बॉक्समध्ये, पण मी कोणाला ते करताना पाहिलेलं नाही. वायफायचा काडीवाला प्रकार मात्र सोड. मोबाइलवर जे दिसतं ते मोबाइलवरच बघावं."

हा काकूंचा पूर्वग्रह आहे. पण मला पटलेला.

एवढ्यात काकूंच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. "तीन होऊ देत," म्हणाल्या. "आता छत्रीचं. कंपनीची उतरवलीत ती तुमच्या मालकीची आहे ना? मग नवी घेऊच नका, तीच वापरा. एलएनबीसुद्धा चालतो बहुतेक, युनिव्हर्सल असेल तर. बॉक्समध्ये एलएनबीच्या जागी ९७५० आणि १०६०० असे आकडे दिसतील, ते निवडायचे. कंपनीचा बॉक्स मात्र इथे कामाचा नाही, त्याला कुलूप आहे. तो दे टाकून."

"छत्री तीच, तर मग फिरवायची कशाला? आहे तिथेच..."

"प्रत्येक कंपनीचा उपग्रह वेगळ्या जागी असतो गं. कोणाचा ८३ अंश पूर्वेला, कोणाचा ८८, कोणाचा ९५, कोणाचा १०८. फ्री डिश येते जीसॅट-१५ वरून, २०१५ मध्ये सोडलेला. तो ९३.५ अंशांवर, आपल्यापासून ३६,००० किलोमीटरच्याही वर लांब. तिथून तुझ्या छपरावर येणारा संदेश इतका क्षीण की छत्री बोटभर चुकली तरी सगळं गेलं. आपल्याकडून तो आग्नेयेला, आग्नेयेपेक्षा किंचित पूर्वेला, आणि चांगला उंच, साठ अंशांच्या जवळ. पण छत्रीकडे बघून ते वाटत नाही. ही छत्री तिरकी घडवलेली असते, जिथे बघते असं वाटतं त्याच्या बरंच वर तिची खरी नजर असते. मुलं ती आभाळाकडे उताणी करतात आणि मग रात्रीपर्यंत ओरडतात, आलं का, आलं का."

"आणि बॉक्सवर ते दोन पट्टे दिसतात ना, लाल-हिरवे?"

"वरचा स्ट्रेंग्थ, खालचा क्वालिटी. वरच्याकडे बघूच नकोस. छत्री फणसाकडे वळवलीस तरी तो निम्म्यावर उभा राहतो, कारण एलएनबीला वीज मिळाली एवढंच तो सांगतो. खालचा क्वालिटी हलला तर उपग्रह सापडला. मग छत्री कसायची, आणि शेवटी एलएनबी पकडीतल्या पकडीत हळूहळू फिरवून क्वालिटी आणखी वाढते का बघायचं. लोक हे शेवटचं करतच नाहीत. आणि पहिल्याच पावसात रडतात."

फणसाचं नाव निघालं आणि आम्ही दोघींनी एकदमच त्या दिशेला बघितलं. आमच्या आग्नेयेला बापूंचा फणस आहे. खोड बापूंच्या हद्दीत, फांद्या आमच्या हद्दीत, फणस बापूंचे, पानं आमच्या अंगणात. या विषयावर दोन घरांत तीन पिढ्यांचं बोलणं झालेलं आहे. त्यातलं बरंच ग्रामपंचायतीसमोर.

"तो आड येईल का हो?"

"ते कळायला एक सोपी युक्ती आहे." काकूंचा चेहरा उजळला. "वर्षातून दोनदा सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागून जातो. आपल्याकडे मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपताना, सकाळी अकराच्या आगेमागे. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र जातं, लोक बॉक्सला थापट्या मारतात. बॉक्सचा दोष नसतो, सूर्याचा गोंगाट छत्रीत शिरतो. तर त्या दिवशी अकराला अंगणात उभी राहा. त्या क्षणी सूर्य जिथे, तिथेच उपग्रह. छत्रीच्या जागेवर ऊन असेल तर वाट मोकळी. फणसाची सावली असेल तर फणस आड. कसला नकाशा नको, मोबाइलमधलं होकायंत्र नको."

मी बघतच राहिले. एवढी वर्षं त्या सावलीत आम्ही पापड वाळत घालायचं टाळत आलो.

"पण काकू, सप्टेंबर संपेपर्यंत थांबायचं? त्याआधी गणपती. मुंबईची सगळी मंडळी येणार. पाच दिवस घरात टीव्ही नाही म्हटल्यावर..."

"आत्ता कंपासने बघू. माझ्या मते पडवीच्या कोपऱ्यावरून वाट जवळजवळ मोकळी आहे, छपराच्या मध्यावरून नाही. आणि छत्री छपरावर कशाला हवी? भाऊजी कौलं फोडतील. उपग्रह उंचावर आहे, छत्रीला उंची लागत नाही, मोकळं आभाळ लागतं. जमिनीवर चिऱ्याच्या खांबाला बसव. हात पोचतो, पावसाळ्यात शिडी नको."

"पावसात जातंच ना चित्र?"

"जातं. हा कू-बँड आहे. लहर अडीचेक सेंटिमीटरची, आपल्या धारेच्या पावसात तिची दमछाक होते. पाऊस दहा मिनिटांत कमी होतो, चित्र येतं. त्याला काही करायचं नसतं, भजी तळायची. पण साध्या पावसातही जात असेल तर छत्री नीट बसलेली नाही, नाहीतर वायरीत पाणी गेलंय. कोकणात मी साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची छत्री सुचवते. गोळा करायचं क्षेत्र सव्वादोन पट होतं, मग बराच पाऊस झेलते. पूर्वी केबलवाल्यांच्या त्या अगडबंब छत्र्या होत्या ना, त्या सी-बँडच्या, त्यांना पावसाचं काही वाटत नाही. अंदमान-निकोबारला प्रसार भारती सी-बँडवरूनच देते. पण तुझ्या अंगणात ती मावली तरी बापू ती हद्दीवरून ढकलतील."

वायरीवर काकूंनी जे भाषण दिलं ते सगळं इथे लिहीत नाही. त्यातलं कामाचं एवढंच: वायर आरजी-६ घ्यायची, आतली तार तांब्याची, टोकाला स्क्रूचा जोड पक्का बसवायचा, आणि वायर घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, बॉक्सपर्यंत चालत येत नाही. एलएनबीला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची जी कोकणभर रीत आहे, तिच्यावर काकूंचा फार राग. पिशवी पाऊस अडवत नाही, आत शिरलेलं पाणी मात्र मुक्कामाला ठेवते. त्यापेक्षा जोडावर रबरी टोपी आणि वर चिकटपट्टी. वीज कडकडायला लागली की बॉक्सच्या मागची वायर काढून ठेवायची, हे शेवटचं त्यांनी माझ्याकडून तोंडी म्हणवून घेतलं.

"बरं, हे सगळं केलं. दिसणार काय?" मी विचारलं. कारण खरा प्रश्न तो होता. सासूबाईंना एमपेगशी घेणं नाही.

काकू जरा थांबल्या. "दूरदर्शनच्या सगळ्या वाहिन्या, सह्याद्री आलीच. आकाशवाणीची पुष्कळ केंद्रं, विविध भारतीसुद्धा. पडदा बंद करून नुसतं ऐकायचं, मला तर तेच आवडतं. तुझ्या धाकटीला अभ्यासाच्या वाहिन्या, स्वयंप्रभा आणि पीएम ई-विद्या, त्याच उपग्रहावर. ती बघणार नाही, पण आहेत. आणि क्रिकेट."

"क्रिकेट फुकट?" हा आवाज वरून आला. भाऊजींचे कान वायरीपेक्षा लांब आहेत.

"राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने. २००७ चा कायदा आहे, खाजगी वाहिनीला त्यांचं चित्रण प्रसार भारतीला द्यावं लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दूरदर्शनने ते फक्त स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या छत्रीसेवेवरून, फ्री डिशवरून, दाखवावं. म्हणजे पैसे भरणाऱ्याच्या बॉक्सवर डीडी स्पोर्ट्स लावलं तर त्या वेळी सामना नाही, आणि फुकटवाल्याला आहे. न्यायाची अशी मजा कधी कधीच येते."

भाऊजी शिट्टी वाजवत उरलेले बोल्ट काढायला लागले.

"पण एक सांगते," काकू म्हणाल्या, "खाजगी वाहिन्यांचा भरवसा धरू नकोस. फ्री डिशवरची जागा त्यांना प्रसार भारतीच्या ई-लिलावात बोली लावून घ्यावी लागते. आपल्या जत्रेत दुकानांच्या जागांचा लिलाव होतो ना, तसंच. गेल्या वर्षीचा भेळवाला यंदा असेलच असं नाही. मालिकांच्या चार मोठ्या हिंदी वाहिन्या २०१९ मध्ये एकदम उठून गेल्या, पुढच्या वर्षी परतल्या, २०२२ मध्ये पुन्हा उठल्या. कंपन्यांना वाटतं, फुकट मिळालं तर लोक पैसे का भरतील. मराठी वाहिन्यांचंही तसंच, आज आहे, उद्या क्रमांक बदललेला, परवा नाही. म्हणून अधूनमधून बॉक्सला ऑटो सर्च द्यायचा. आणि सासूबाईंना एखाद्या मालिकेची सवय लावू नकोस."

"सवय लागून गेलेली आहे हो. रात्री आठची. ती पैशांच्या वाहिनीवर."

"मग स्वच्छ हिशोब कर. त्या एका मालिकेसाठी वर्षभराचं भाडं परवडतंय का? परवडत असेल तर माजघरात कंपनीचा बॉक्स ठेव, काही लाज नाही त्यात. मला विचारशील तर, म्हातारीला मालिका दाखवणं हा खर्च नव्हे. पण पुढच्या खोलीत दुसऱ्या टीव्हीला दुसरा रिचार्ज भरू नकोस, तिथे फ्री डिश."

हे मला अपेक्षित नव्हतं. पैसे भरणाऱ्यांना नावं ठेवून काकूंनी चक्क पैसे भरा म्हणून सांगितलं. पण त्यांचं असंच. टेलिफोनच्या खात्यात असतानाही म्हणे, ज्याला फोनची गरज नाही त्याला त्या सरळ परत पाठवायच्या.

मी आत जाऊन सासूबाईंना विचारलं. आई, रात्रीची मालिका हवी की महिन्याचे पैसे वाचवू? सासूबाईंनी जपाची माळ थांबवली. "ती सून आता घरातून जाणारच आहे," म्हणाल्या, "मग बघण्यासारखं काही राहत नाही त्यात. सह्याद्रीवर भजनं असतात ना? तेवढी लाव." आणि माळ पुन्हा सुरू.

मी बाहेर येऊन निकाल सांगितला. काकू हसल्या. तिसरी शिट्टी होऊन गेली होती, चौथीही. त्या वळणार इतक्यात आग्नेयेकडून खोकला ऐकू आला. बापू. फणसाखाली उभे. किती वेळ उभे होते देव जाणे.

"छत्री लावताय म्हणे कोपऱ्यावर," बापू म्हणाले. "माझी फांदी आड येते का?"

मी काही बोलायच्या आत काकूंनी उत्तर दिलं. "वरची एक येते, बापू. जाड नाही, मनगटाएवढी."

"तोडू देणार नाही." बापू थांबले. "म्हणजे, एकदम देणार नाही. आमच्याही बॉक्सची वायर गेल्या मेमध्ये उंदरांनी खाल्ली. एका छत्रीवर दोन घरं चालतात का?"

"चालतात," काकू म्हणाल्या. "दोन तोंडांचा एलएनबी मिळतो. प्रत्येक घराला स्वतंत्र वायर, स्वतंत्र बॉक्स, तुम्ही बातम्या बघा, ह्या भजनं लावतील, एकमेकांना अडथळा नाही. रिचार्ज नाहीच, त्यामुळे भांडायला हिशोबही नाही."

बापूंनी फांदीकडे बघितलं, मग पडवीच्या कोपऱ्याकडे, मग आपल्या खिडकीकडे. डोळ्यांनी अंतर मोजत होते.

"एलएनबीचे पैसे निम्मे-निम्मे," ते म्हणाले. "वायर मात्र माझ्या हद्दीपर्यंत तुमची. आणि फांदीवरचे दोन फणस उतरवल्याशिवाय कोयता लावायचा नाही."

"त्यातला एक आमचा," मी म्हटलं.

"कापा की बरका?" बापूंनी विचारलं.